कॅमेरा कोणाच्या हाती? : दिव्यांग व आजारी बालकांची चित्रपटाद्वारे आत्माभिव्यक्ती आणि वर्ध्याची शिक्षणपरंपरा

प्रस्तावना

चित्रपट हे विसाव्या शतकातील सर्वाधिक प्रभावी अभिव्यक्तिमाध्यम होय. या माध्यमात दिव्यांग किंवा गंभीर आजाराने ग्रासलेल्या बालकाचे दर्शन अनेकदा घडले. परंतु त्याच्या दृष्टीने पाहिलेले जग पडद्यावर क्वचितच आले. बालक पडद्यावर दिसणे आणि बालकाने स्वतः चित्रपट घडविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत ते विषय असते, दुसरीत कर्ता असते. काय टिपावे, काय गाळावे आणि ते कोणाला दाखवावे, हे तीन निर्णय ज्याच्या हाती असतात तोच चित्रपटाचा खरा कर्ता ठरतो. प्रस्तुत निबंधात या तीन निर्णयांच्या कसोटीवर दिव्यांग व आजारी बालकांच्या चित्रपटीय आत्माभिव्यक्तीचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे.

या मागोव्याच्या केंद्रस्थानी वर्धा जिल्हा ठेवण्यामागे निश्चित कारण आहे. बालकाच्या हातांना ज्ञानाचे साधन मानणारी नई तालीम वर्ध्यात जन्मास आली आणि रोगपीडित माणसाला दयेऐवजी काम देणारी कुष्ठसेवाही याच परिसरात रुजली. आजारी मुलाच्या हाती कॅमेरा देण्याची कल्पना पाश्चात्त्य देशांतील एखादी नवी उपचारपद्धती म्हणून आपल्याकडे आली, असे वरवर पाहता वाटते. तिचे शैक्षणिक अधिष्ठान मात्र या जिल्ह्याच्या परंपरेत पूर्वीपासून उपलब्ध आहे. त्या परंपरेत एक उणीवही होती. तिचा विचार केल्याशिवाय हा वारसा पुढे नेता येणार नाही.

चित्रपटाचा आरंभ आणि दिव्यांगत्व

भारतीय चित्रपटाच्या उगमकथेतच दृष्टिदोषाचा एक प्रसंग आहे. 'द लाइफ ऑफ ख्राइस्ट' हा चित्रपट पाहून भारावलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१०-११ च्या सुमारास अपुऱ्या झोपेवर चित्रपटांचा अविरत अभ्यास आरंभला. त्या ताणाने त्यांच्या डोळ्यांवर परिणाम झाला आणि काही काळ त्यांना दिसेनासे झाले. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी त्यांची दृष्टी परत आली. त्यानंतर १९१२ मध्ये त्यांनी कुंडीत पेरलेल्या वाटाण्याच्या रोपाचे ठरावीक अंतराने एकेक चित्र घेऊन 'अंकुराची वाढ' हा लघुपट तयार केला. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत प्रदर्शित झाला. एकेक चित्र सावकाश टिपत जाण्याची 'अंकुराची वाढ' मधील रीत पुढे आजारी मुलांच्या संदर्भात विशेष उपयोगाची ठरणारी आहे. तिचा विचार यथावकाश केला आहे.

त्याच १९१३ साली अमेरिकेत जॉर्ज वेडिट्झ यांनी कर्णबधिरांच्या संकेतभाषेच्या रक्षणासाठी एक चित्रपट केला. वेडिट्झ यांची श्रवणशक्ती बालपणी, वयाच्या आठव्या वर्षी, स्कार्लेट फिव्हर या आजारात गेली होती. १८८० मध्ये मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने कर्णबधिर मुलांना संकेतभाषेऐवजी केवळ ओठांच्या हालचालींवरून व वाचेद्वारे शिकवावे, असा ठराव केला होता. या ठरावामुळे अनेक देशांतील शाळांतून संकेतभाषा हद्दपार झाली. तिचा लोप होईल या भीतीने अमेरिकेतील कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने निधी उभारला आणि १९१० ते १९२० या दशकात कुशल संकेतकांची भाषणे चित्रफितीवर नोंदवली. कर्णबधिरांनी कर्णबधिरांसाठी, आपल्याच भाषेत घडविलेले हे चित्रपट होते. काय टिपावे आणि कोणाला दाखवावे हे त्यांनी स्वतः ठरवले होते. वेडिट्झ यांच्या या चित्रपटाचा २०१० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत समावेश झाला.

मूकपटाच्या युगात कर्णबधिर आणि ऐकू येणारा प्रेक्षक एकाच पातळीवर होते. १९३१ मध्ये 'आलम आरा'ने भारतात बोलपटाचे युग आणले आणि कर्णबधिर प्रेक्षक या माध्यमाबाहेर फेकला गेला. तंत्राची प्रगती प्रत्येकाच्या बाबतीत प्रगतीच असते असे नाही, हे यावरून स्पष्ट होते.

वर्धा : हात, कला आणि सेवा

वर्ध्याच्या परंपरेचा चित्रपटाशी संबंध जोडताना एक विसंगती प्रथमच मान्य करावी लागते. महात्मा गांधींना चित्रपटाविषयी आस्था नव्हती. १९२७-२८ मधील भारतीय चलच्चित्र समितीच्या प्रश्नावलीला उत्तर देताना आपण कधीही सिनेमागृहात गेलो नसल्याचे त्यांनी कळवले होते आणि या माध्यमाने झालेल्या अनिष्टाकडे लक्ष वेधले होते. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९३९ मध्ये त्यांना खुले पत्र लिहून या मताचा फेरविचार करण्याची विनंती केली. मे १९४४ मध्ये आगाखान पॅलेसमधील स्थानबद्धतेतून सुटल्यावर गांधीजी जुहू येथे विश्रांती घेत होते. तेथे त्यांना विजय भट्ट दिग्दर्शित 'रामराज्य' हा चित्रपट दाखवण्यात आला. चित्रपटाविषयीची नावड असूनही त्यांनी शिक्षणाविषयी जे मांडले, ते मात्र चित्रपटनिर्मितीच्या शिक्षणाला थेट लागू पडते.

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यातील मारवाडी विद्यालयात अखिल भारतीय शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि उत्पादक हस्तव्यवसाय हा शिक्षणाचा केंद्रबिंदू, ही तिची मुख्य सूत्रे होती. डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने डिसेंबर १९३७ मध्ये आपला अहवाल सादर केला आणि फेब्रुवारी १९३८ मध्ये काँग्रेसच्या हरिपुरा अधिवेशनाने या योजनेला मान्यता दिली. पुढे हिंदुस्थानी तालीमी संघाच्या वतीने आर्यनायकम् व आशादेवी या दांपत्याने सेवाग्राम येथे हा प्रयोग चालवला.

हरिपुरा अधिवेशनाचे मंडप ज्यांच्या चित्रफलकांनी सजले, ते नंदलाल बोस यांचे शिष्य देवी प्रसाद १९४४ मध्ये शांतिनिकेतनातून कलाशिक्षक म्हणून सेवाग्रामला आले आणि १९६२ पर्यंत येथे राहिले. ते चित्रकार होते, कुंभारकाम करणारे कलावंत होते आणि छायाचित्रकारही होते. मुलांच्या चित्रांकडे प्रौढांनी आपल्या मापाने पाहू नये, नक्कल करून घेऊ नये, सुबक कलाकृतीपेक्षा ती घडत असतानाचा मुलाचा अनुभव मोलाचा मानावा, हा त्यांच्या अध्यापनाचा गाभा होता. 'आर्ट : द बेसिस ऑफ एज्युकेशन' या नावाने त्यांचे हे चिंतन नॅशनल बुक ट्रस्टने १९९८ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केले. हर्बर्ट रीड यांचा 'एज्युकेशन थ्रू आर्ट' हा ग्रंथ १९४३ मधील आहे. कला हा शिक्षणाचा अलंकार नसून पाया आहे, हा विचार इंग्लंडमध्ये ग्रंथरूपाने मांडला जात असतानाच्या काळात सेवाग्राममध्ये त्याचा प्रत्यक्ष प्रयोग सुरू झाला, ही बाब शैक्षणिक इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

याच परिसरात रोगपीडितांच्या सेवेची दुसरी धारा वाहत होती. विनोबांच्या प्रेरणेने मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये दत्तपूर येथे कुष्ठसेवेचे कार्य आरंभले. संस्कृतचे विद्वान परचुरे शास्त्री कुष्ठरोगी म्हणून १९३९ मध्ये सेवाग्रामला आले तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले व त्यांच्या अंगाला स्वतः मालीश केले. १९५१ मध्ये गांधी स्मारक कुष्ठ प्रतिष्ठानची वर्धा येथे स्थापना झाली. हिंगणघाट येथे २६ डिसेंबर १९१४ रोजी जन्मलेले मुरलीधर देविदास उर्फ बाबा आमटे यांनी शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले. तरुणपणी बाबा 'पिक्चरगोअर' या नियतकालिकासाठी चित्रपटपरीक्षणे लिहीत असत आणि ग्रेटा गार्बो, नॉर्मा शिअरर या अभिनेत्रींशी त्यांचा पत्रव्यवहार होता. चित्रपटाचा हा रसिक पुढे कुष्ठसेवेकडे वळला. दान माणसाला दुबळे करते आणि काम त्याला उभे करते, हे सूत्र त्याने आयुष्यभर आचरले. आनंदवनात पुढे अंध व कर्णबधिर मुलांच्या शाळा निघाल्या. डॉ. विकास आमटे यांच्या प्रेरणेने २००२ मध्ये 'स्वरानंदवन' हा वाद्यवृंद आकारास आला. अंध, कर्णबधिर, अस्थिव्यंग आणि कुष्ठमुक्त कलावंतांनी रंगमंच आपला केला.

या दोन धारा एकाच परिसरात वाहत असल्या, तरी त्यांचा संगम मात्र झाला नाही. नई तालीमची मांडणी धडधाकट हातांचे मूल डोळ्यांसमोर ठेवून झाली होती. टकळीवर सूत काढू न शकणाऱ्या किंवा कुदळ न पेलणाऱ्या मुलाचे स्थान तिच्यात स्पष्ट नव्हते. १९४४ च्या सार्जंट अहवालाने दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा स्वतंत्र विचार केला. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने तो पुढे नेला आणि १९७४ मध्ये केंद्र शासनाने दिव्यांग मुलांच्या एकात्मिक शिक्षणाची योजना सुरू केली. कुष्ठसेवेने माणसाच्या श्रमाला प्रतिष्ठा दिली, नई तालीमने मुलाच्या हाताला. परंतु ज्या मुलाचा हात चालत नाही, डोळा पाहत नाही किंवा अंगात त्राण नाही, त्याच्या अभिव्यक्तीचा प्रश्न या दोन्हींच्या मधल्या जागेत राहून गेला.

पडद्यावरील बालक : विषय ते सहभागी

मराठी माणसांनी घडविलेल्या चित्रपटांत दिव्यांग व आजारी बालकाचे चित्रण कसे बदलत गेले, हे चार चित्रपटांच्या आधारे पाहता येते. सई परांजपे यांच्या 'स्पर्श' (१९८०) या हिंदी चित्रपटाचे चित्रीकरण दिल्लीतील अंध विद्यालयात झाले आणि तेथील अंध विद्यार्थ्यांनी त्यात भूमिका केल्या. अंध मुलांना मदतीची गरज असेल, दयेची नाही, हा विचार मुख्याध्यापकाच्या व्यक्तिरेखेतून मांडणाऱ्या या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. येथे मुले स्वतःच्या रूपात पडद्यावर आली, परंतु कथेचा मध्य दोन प्रौढांच्या नात्यात होता.

संदीप सावंत दिग्दर्शित 'श्वास' (२००४) या चित्रपटात डोळ्यांच्या कर्करोगामुळे दृष्टी कायमची गमावणार असलेला कोकणातील मुलगा आणि त्याचे आजोबा यांची कथा आहे. 'श्यामची आई' नंतर सुवर्णकमळ मिळवणारा हा पहिला मराठी चित्रपट. शस्त्रक्रियेनंतर दिसणार नाही हे त्या मुलाला कसे सांगावे, हा प्रौढांपुढील पेच आणि शस्त्रक्रियेपूर्वी त्याला जग पाहू द्यावे ही आजोबांची तळमळ, यांतून चित्रपटाला उंची लाभली. तरीही त्या अखेरच्या दिवशी काय पाहावे हे प्रौढच ठरवतो. मुलाच्या हाती ते सोपवले असते तर त्याने काय पाहिले असते, हा प्रश्न चित्रपट संपल्यावर उरतो.

अध्ययन-अक्षमतेवरील 'तारे जमीन पर' (२००७) चे लेखन अमोल गुप्ते यांचे आहे. त्यांनी पुढे 'स्टॅनले का डब्बा' (२०११) हा चित्रपट शाळकरी मुलांच्या शनिवारच्या कार्यशाळांतून, लहान कॅमेरा वापरून आणि मुलांची शाळा न बुडवता घडवला. हा चित्रपट दिव्यांगत्वावरील नसला तरी त्याची पद्धत लक्षणीय आहे, कारण तेथे चित्रीकरणाचे वेळापत्रक मुलाच्या दिनक्रमाशी जुळवून घेते. महेश लिमये यांच्या 'यलो' (२०१४) मध्ये डाउन सिंड्रोम असलेल्या पुण्याच्या जलतरणपटू गौरी गाडगीळ यांनी स्वतःचीच भूमिका साकारली आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांच्या अभिनयाचा विशेष उल्लेख झाला. 'स्पर्श' पासून 'यलो' पर्यंतचा प्रवास विषयापासून सहभागापर्यंतचा आहे. कर्तेपणापर्यंतचे अंतर मात्र शिल्लकच राहिले.

कॅमेऱ्यामागे जाण्याचे प्रयोग

हे अंतर ओलांडण्याचे प्रयत्न व्यावसायिक चित्रपटसृष्टीबाहेर झाले. १९६७ मध्ये कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाने फोगो बेटावरील मच्छीमारांसह एक प्रयोग केला. कॉलिन लो यांच्या नेतृत्वाखाली टिपलेली दृश्ये प्रथम बेटवासीयांनाच दाखवली जात आणि त्यांच्या संमतीशिवाय ती बाहेर नेली जात नसत. आपल्याकडे १९८४ मध्ये अहमदाबादच्या 'सेवा' संस्थेतील श्रमिक स्त्रियांनी व्हिडिओचे प्रशिक्षण घेतले. त्यांतील अनेकींना अक्षरओळख नव्हती. तरीही त्या कॅमेरा चालवण्यास व दृश्यांचे संकलन करण्यास शिकल्या. लिहिता न येणे म्हणजे सांगता न येणे नव्हे, हे या प्रयोगाने सिद्ध केले. पुण्यात समाजशास्त्राच्या अभ्यासक सुमित्रा भावे यांनी संशोधनातील निष्कर्ष ज्यांच्याविषयी आहेत त्यांच्यापर्यंत पोहोचले पाहिजेत या भूमिकेतून १९८५ मध्ये 'बाई' हा लघुपट केला.

दिव्यांगांच्या संदर्भात महाराष्ट्रातील सर्वांत उद्बोधक उदाहरण स्थिरचित्रणाचे आहे. २००६ मध्ये पार्थो भौमिक यांनी मुंबईत 'ब्लाइंड विथ कॅमेरा' हा उपक्रम सुरू केला आणि ताडदेव येथील व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळेत दृष्टिबाधितांना छायाचित्रण शिकवण्यास आरंभ केला. बालपणीच दृष्टी गमावलेले, स्लोव्हेनियात जन्मलेले छायाचित्रकार एव्गेन बाव्चार यांच्या कार्यातून त्यांना प्रेरणा मिळाली होती. अंध छायाचित्रकार आवाजावरून दिशा व अंतर ठरवतो, अंगावर पडणाऱ्या उन्हाच्या उबेवरून प्रकाशाचा अंदाज घेतो, हाताने चाचपून वस्तूची मांडणी जाणतो आणि आवश्यक तेथे डोळस साथीदाराकडून वर्णन ऐकतो. प्रदर्शनात या छायाचित्रांच्या उठावदार, स्पर्शाने वाचता येतील अशा प्रती, ब्रेल मजकूर व ध्वनिवर्णन ठेवले जाते. येथे डोळस साथीदार मदत करतो, निर्णय मात्र छायाचित्रकाराचा असतो. इंग्लंडमधील ब्रायटन येथे २००४ पासून भरणारा 'ऑस्का ब्राइट' चित्रपट महोत्सव बौद्धिक दिव्यांग व्यक्तींनी घडविलेल्या चित्रपटांसाठी आहे आणि त्याचे संयोजनही अशाच व्यक्ती करतात. कोणाला दाखवावे, हा तिसरा निर्णयही येथे त्यांच्याच हाती आला आहे.

आजारी बालकाचे मौन

दिव्यांग बालकापेक्षा दीर्घ आजाराने ग्रासलेल्या बालकाची स्थिती काहीशी निराळी असते. त्याच्या शरीराविषयी डॉक्टर बोलतात, भवितव्याविषयी पालक बोलतात. त्याने स्वतः बोलावे असे प्रसंग थोडे असतात. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ मायरा ब्लूबॉण्ड-लँगनर यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुलांमध्ये राहून केलेला अभ्यास १९७८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. प्रौढांनी कितीही लपवले तरी मुलांना आपल्या आजाराचे गांभीर्य कळलेले असते आणि पालकांना दुःख होऊ नये म्हणून तीच न कळल्याचे दाखवतात, असे त्यांना आढळले. मौन अज्ञानाचे लक्षण मानले जाते. येथे ते मुलाने प्रौढांसाठी उचललेले ओझे होते.

वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा विचार अपरिहार्य ठरतो. मध्य भारतातील सिकलसेलविषयी शुक्ला व सोळंकी यांचे संशोधन १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. विदर्भातील काही अनुसूचित जाती-जमातींत हा आजार मोठ्या प्रमाणात आढळतो. तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात, तेव्हा रुग्णाला असह्य वेदना होतात. ही वेदना बाहेरून दिसत नाही. आज बरे दिसणारे मूल उद्या उठू शकत नाही आणि परवा पुन्हा शाळेत येते. शिक्षकाला तो बहाणा वाटण्याची शक्यता असते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ ने दिव्यांगत्वाचे प्रकार सातवरून एकवीसवर नेले आणि त्यांत सिकलसेल, थॅलेसेमिया व हिमोफिलिया यांचा समावेश केला. कायद्याने या मुलांना मान्यता दिली. परंतु न दिसणारी वेदना इतरांना कशी दाखवावी, हा प्रश्न कायद्याने सुटत नाही. रुग्णालयात वेदना मोजण्यासाठी मुलासमोर हसऱ्या चेहऱ्यापासून रडव्या चेहऱ्यापर्यंतच्या आकृत्यांची पट्टी ठेवतात व ते एकीवर बोट ठेवते. वेदना किती हे त्यातून कळते. ती कशी आहे, कोणत्या वेळी येते, तिच्यामुळे काय हुकले, हे सांगण्यासाठी मुलाला अधिक विस्तृत भाषा लागते.

चित्रपट ही भाषा देऊ शकतो आणि त्यासाठी मोठ्या साधनसामग्रीची गरज नसते. फाळक्यांच्या 'अंकुराची वाढ' मधील एकेक चित्र टिपण्याची रीत येथे उपयोगी पडते. मातीच्या आकृती किंवा कागदी कातरणे किंचित हलवून प्रत्येक वेळी एक छायाचित्र घ्यावयाचे आणि सेकंदाला बारा या गतीने ती दाखवावयाची, तर एका मिनिटाच्या चित्रपटाला ७२० छायाचित्रे लागतात. रोज तीस छायाचित्रे घेणारे मूल तो चोवीस दिवसांत पूर्ण करू शकते. थकल्यावर थांबता येते, बरे वाटल्यावर जेथे सोडले तेथून पुढे जाता येते आणि खाटेवर बसूनही हे काम होते. चालू न शकणाऱ्या मुलाचा भ्रमणध्वनी चाकाच्या खुर्चीला बांधला की खुर्चीची गती हीच कॅमेऱ्याची गती होते. कर्णबधिर मुलांच्या चित्रपटात दोन्ही हात व चेहरा चौकटीत राहिलेच पाहिजेत, अन्यथा वाक्य अर्धवट तुटते. अंध मूल ध्वनीपासून आरंभ करून दृश्य त्यामागून आणू शकते. आपला चेहरा दाखवू न इच्छिणाऱ्या मुलाला केवळ आवाज, सावली किंवा चित्रे वापरता येतात. मातीची आकृती घडवणे, कागद कातरणे, मोजणे, क्रम लावणे, लिहिणे व बोलणे या सर्व क्रिया एका कामाभोवती गुंफल्या जातात. हस्तव्यवसायाभोवती सर्व विषयांचा समवाय साधण्याचे नई तालीमचे तत्त्व याहून निराळे नाही.

हक्क आणि मर्यादा

या अभिव्यक्तीला आता हक्काचे अधिष्ठान आहे. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेतील बाराव्या व तेराव्या अनुच्छेदांनी मुलाला आपले मत मांडण्याचा आणि कलेसह कोणत्याही माध्यमातून व्यक्त होण्याचा हक्क दिला. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क संहितेला भारताने २००७ मध्ये अनुसमर्थन दिले. तिच्या तिसाव्या अनुच्छेदानुसार दिव्यांगांच्या सर्जनशीलतेचा विकास त्यांच्या स्वतःच्या हितासाठी तसेच समाजाच्या समृद्धीसाठी व्हावयाचा आहे. २०१६ च्या कायद्यातील कलम २९ मध्ये कलाविषयक अभ्यासक्रमांची दिव्यांगांना सहभाग घेता येईल अशी फेररचना अपेक्षित आहे. महाविद्यालयांशी या तरतुदीचा थेट संबंध येतो. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निपुण मल्होत्रा प्रकरणातील निकालात दृश्यमाध्यमांतील दिव्यांगांच्या चित्रणाविषयी मार्गदर्शक तत्त्वे सांगितली आणि अशा निर्मितीत दिव्यांगांचा सहभाग असावा, यावर भर दिला.

तथापि हाती कॅमेरा दिल्याने कर्तेपण आपोआप येत नाही. कोलकात्यातील वेश्यावस्तीतील मुलांच्या छायाचित्रणावरील 'बॉर्न इन्टू ब्रॉथेल्स' (२००४) या माहितीपटाला ऑस्कर पुरस्कार मिळाला. त्यात मुलांनी टिपलेली छायाचित्रे जिवंत होती. परंतु त्या मुलांची कथा बाहेरून आलेल्या प्रौढांच्या दृष्टीने सांगितली गेली, अशी टीका या माहितीपटावर झाली. हाच धोका रुग्णालयात किंवा विशेष शाळेत अधिक तीव्र होतो. निधिसंकलनासाठी अश्रू आणणारा चित्रपट हवा असतो, वार्षिक समारंभासाठी सुबक चित्रपट हवा असतो आणि मुलाचा संथ, अडखळता, कदाचित विनोदी चित्रपट या दोन्ही गरजांत बसत नाही. संकलनाच्या मेजावर प्रौढ व्यक्ती तो 'सुधारते' तेव्हा मुलाचे म्हणणे नाहीसे होते. पालकांची लेखी संमती आवश्यक आहेच; पण मुलाची संमती त्यात गृहीत धरता येत नाही. आज दाखवण्यास राजी असलेले मूल मोठे झाल्यावर नकार देऊ शकते. फोगो बेटावरील मच्छीमारांना मिळालेला नकाराचा अधिकार आजारी मुलाला नाकारण्याचे कोणतेही कारण नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, दिव्यांगांनी चित्रपटाचा स्वतःच्या भाषेसाठी वापर करण्याचा इतिहास भारतीय कथापटाइतकाच जुना आहे. त्याचा विस्तार खुंटला तो साधनांपेक्षा प्रौढांच्या व धडधाकटांच्या निर्णयाधिकारामुळे. दुसरी, मराठी चित्रपटकर्त्यांनी अशा बालकाला दयेच्या कक्षेतून बाहेर काढून प्रतिष्ठेने पडद्यावर आणले. कॅमेऱ्यामागे त्याला जागा देण्याचे काम मात्र छोट्या, स्वयंसेवी उपक्रमांनी केले. तिसरी, सेवाग्रामच्या कलाशिक्षणाने दिलेली कसोटी, म्हणजे कलाकृतीच्या सुबकपणापेक्षा ती घडतानाच्या अनुभवाला प्राधान्य, हीच या कार्याची सर्वांत विश्वसनीय कसोटी होय.

वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान (१९६९) आणि सावंगी येथील वैद्यकीय महाविद्यालय यांच्या रुग्णालयांत बालरुग्ण येतात. नई तालीमची शाळा 'आनंद निकेतन' २००५ पासून सेवाग्राममध्ये पुन्हा भरते. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात चित्रपट व नाट्य यांचे अध्यापन होते. रुग्णालय, शाळा आणि चित्रपटशिक्षण ही तिन्ही अंगे इतक्या जवळ असलेले जिल्हे थोडे आहेत. हस्तव्यवसायाने शिकवणारी परंपरा आणि रोग्याला प्रतिष्ठा देणारी परंपरा यांचा १९३७ नंतर राहून गेलेला संगम येथे साधता येण्याजोगा आहे. त्यासाठी प्रथम शिक्षक, डॉक्टर व पालक यांनी एक गोष्ट मान्य करावी लागेल. मुलाचा चित्रपट त्याच्या आजाराविषयी असलाच पाहिजे असे नाही. सिकलसेलच्या वेदनेतून उठलेल्या मुलाला अंगणातील कोंबडीवर किंवा शाळेच्या घंटेवर चित्रपट करावासा वाटला, तर तो त्याचा निर्णय होय, आणि त्या निर्णयाचा आदर हाच या शिक्षणाचा पहिला पाठ ठरतो.